शिकारी कुत्री मध्येच माग सोडते, घोळणा फुटतो: गोचीडताप की आणखी काही?

रानपाऊल यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ४ वर्षांची पॉइंटर जातीची कुत्री आणि दोन हाऊंड नर आहेत. तिन्ही कुत्री एकाच निवाऱ्यात राहतात आणि बरोबरच रानात उतरतात. पॉइंटर कुत्रीविषयी मला सल्ला हवा आहे. जे घडले ते क्रमाने सांगतो, कारण त्या क्रमातूनच जाणकारांना काही उमजेल असे वाटते.

साधारण ५ आठवड्यांपूर्वी तिच्या कानांच्या आतल्या बाजूने आणि पुढच्या पायांच्या बोटांमधून मी १४ गोचिड्या काढल्या. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी ती कामात ढिली पडू लागली. एरवी वाऱ्यावर नाक धरून तासन्‌तास रान पालथे घालणारी ही कुत्री अर्ध्या तासात माग सोडून माझ्या पायाशी येऊन बसू लागली. घरी मात्र ती खात होती, कोणी आले की भुंकत होती, त्यामुळे उन्हाचा त्रास झाला असेल असे मी समजलो. चौथ्या दिवशी खाणे अर्ध्यावर आले तेव्हा ताप पाहिला, तो १०३.८ अंश फॅरनहाइट निघाला. ओळखीच्या एका श्वानपालकाकडे डॉक्सिसायक्लिनच्या उरलेल्या गोळ्या होत्या, त्या मी ५ दिवस दिल्या. दुसऱ्या दिवशीच ताप उतरला, कुत्री पूर्ववत धावू लागली आणि गोळ्या संपल्या तेव्हा मीही थांबलो. ते चुकलेच, असे आता वाटते.

गेल्या आठवड्यापासून तोच ढिलेपणा परत आला आहे. काल संध्याकाळी तिचा घोळणा फुटला आणि उजव्या नाकपुडीतून दहा मिनिटे रक्त ठिबकत राहिले. आधी वाटले, गवताचे कुसळ नाकात शिरले असेल. पण आज सकाळी तिला उताणी करून पाहिले, तर मांड्यांच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे लाल ठिपके दिसले आणि बोटाने दाबल्यावरही ते फिके पडत नाहीत. हिरड्या नेहमीपेक्षा फिकट वाटतात. पशुवैद्यांची वेळ परवा सकाळची मिळाली आहे.

हा गोचिडीपासून होणाराच आजार असेल का, की रानातल्या साचलेल्या पाण्यातून किंवा एखाद्या मेलेल्या जनावरामुळे काही झाले असावे? कोणत्या तपासण्या आग्रहाने करून घ्याव्यात? दोन्ही नरांना आत्तापासून औषध सुरू करावे का? आणि घरात लहान मुले आहेत, त्यांना काही धोका आहे का?

जुनीवाट

रानपाऊल, कृपया परवापर्यंत थांबू नका. आजच दूरध्वनी करून "घोळणा फुटला आहे आणि अंगावर दाबून न जाणारे लाल ठिपके आहेत" एवढे दोन मुद्दे स्पष्ट सांगा. बहुतेक ठिकाणी हे ऐकल्यावर लगेच बोलावून घेतात. असे ठिपके म्हणजे त्वचेखाली झालेला बारीक रक्तस्राव असतो. ज्या कुत्रीचे रक्त नाकातून आणि त्वचेखाली असे झिरपते, तिचे पोटात किंवा डोळ्याच्या आतही झिरपू शकते.

तोवर तिला दोन्ही नरांपासून वेगळी ठेवा, म्हणजे खेळता खेळता धक्का लागणार नाही. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा पट्टा घाला. हाड किंवा कडक काही चघळायला देऊ नका. माणसांच्या औषधांपैकी पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांतले काहीही देऊ नका. अॅस्पिरिनसारख्या औषधाने रक्तस्राव वाढतो आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना इजा होते. उरलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या असतील तर रक्ताचा नमुना घेईपर्यंत त्याही थांबवा. याचे कारण डॉक्टर अधिक नीट सांगतील.

आपण ऊन समजलात, मी वय समजलो होतो. माझा सात वर्षांचा हाऊंड सहा आठवडे मागे मागे राहत होता आणि मी मनाशी म्हणत होतो की आता याचे दिवस सरले. एके दिवशी त्याच्या डाव्या डोळ्याचे बुबुळ निळसर धुरकट दिसले. तेव्हा तपासणी झाली आणि कळले की आजार कित्येक आठवडे रक्तात मुरत होता. तो वाचला, पण त्या डोळ्याची दृष्टी पूर्ण परतली नाही. या कुत्र्यांची जातच अशी आहे की अंगात ताप असतानाही मागाचा वास आला की ती उठतात. घरी उत्साह दिसतो तो आपल्याला फसवतो. खरे काय ते कामात आधी दिसते.

तेव्हापासून मी प्रत्येक कुत्र्यासाठी एक वही ठेवतो. रानातून आल्यावर लगेच घेतलेल्या तापमानाला अर्थ नसतो, कारण धावून आलेल्या निरोगी कुत्र्याचा पाराही १०४ च्या वर जाऊ शकतो. मी सकाळी, कुत्रा उठल्यावर, काही खाण्यापूर्वी मोजतो. निरोगी कुत्र्यात १०० ते १०२.५ अंश दिसतात. झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. आठवड्याला एकदा वजन करतो. हे आकडे सर्वसाधारण झाले. आपल्या कुत्र्याचे नेहमीचे आकडे आपल्याला ठाऊक असतील, तर अर्ध्या अंशाचा फरकही डोळ्यांत भरतो.

पशुवैद्यक

जुनीवाट यांनी जे सांगितले त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. कुत्री माझ्यासमोर नसल्यामुळे मी निदान करत नाही, परंतु तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलताना आपल्याला उपयोग होईल अशा रीतीने विचाराची दिशा मांडतो.

आपण सांगितलेल्या क्रमात पहिला संशय एर्लिकिया कॅनिस या जिवाणूचा येतो. तो तपकिरी श्वान-गोचिडीच्या चाव्यातून शिरतो, पांढऱ्या पेशींच्या आत वाढतो, आणि साधारण ८ ते २० दिवसांनी ताप, मलूलपणा, लसिकाग्रंथींची सूज, पांथरी वाढणे ही लक्षणे दिसू लागतात. रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, नष्ट करू लागते आणि ज्या उरतात त्यांचे कामही नीट होत नाही. म्हणूनच आकडा फारसा खाली नसतानाही घोळणा फुटू शकतो. उपचार न होता हा पहिला टप्पा दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरल्यासारखा वाटतो, आणि धोका नेमका इथेच असतो, कारण जिवाणू पांथरीत दडून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतो. काही कुत्र्यांत तो पुढे अस्थिमज्जा निकामी करतो. तो टप्पा आला की लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घटतात आणि औषधाला प्रतिसाद फार कमी मिळतो. हा जिवाणू १९३५ मध्ये अल्जेरियात प्रथम वर्णिला गेला, पण जगाचे लक्ष त्याकडे गेले ते व्हिएतनाम युद्धात, जेव्हा माग काढणारी लष्करी कुत्री घोळणा फुटून शेकड्यांनी दगावली. त्यांतली बहुसंख्य जर्मन शेफर्ड जातीची होती आणि आजही त्या जातीत हा आजार अधिक तीव्र होतो.

५ दिवसांच्या गोळ्यांनी काय झाले, तेही यातून कळेल. डॉक्सिसायक्लिन या जिवाणूवर लवकर लागू पडते, एक-दोन दिवसांत ताप उतरतो आणि मालकाला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात उपचार २८ दिवसांचा आहे, सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १० मिलिग्रॅम या हिशेबाने, आणि तो तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. गोळी रिकाम्या पोटी किंवा कोरडी देऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. खाण्याबरोबर द्यावी, मात्र दुधाबरोबर नको, कारण कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाते.

दुसरा संशय बाबेसियाचा. हा परजीवी लाल पेशींत शिरून त्या फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडणे, लघवीचा रंग गडद तांबडा किंवा काळपट होणे, डोळ्यांत पिवळेपणा येणे ही त्याची ओळख आहे. एकाच कुत्र्यात एर्लिकिया आणि बाबेसिया दोन्ही असणे मुळीच दुर्मीळ नाही. त्यामुळे डॉक्सिसायक्लिन सुरू करून तीन दिवस झाले, ताप उतरला, तरी हिरड्यांचा रंग परत येत नसेल, तर दुसऱ्याच्या शोधाला लागावे. बाबेसियाच्या मोठ्या आकाराच्या जातींवर इमिडोकार्बची इंजेक्शने दोन आठवड्यांच्या अंतराने देतात. लहान आकाराच्या बाबेसिया गिब्सोनीवर ते औषध पुरेसे पडत नाही. तिथे अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन ही जोडी १० दिवस द्यावी लागते.

तिसरा आजार लेप्टोस्पायरोसिस. आपण साचलेल्या पाण्याचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. उंदीर, रानडुकरे आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून हा जिवाणू पाण्यात व चिखलात उतरतो आणि कातडीवरच्या ओरखड्यातून किंवा तोंडा-डोळ्यांच्या ओल्या त्वचेतून शरीरात जातो. अचानक ताप, ओकाऱ्या, स्नायू इतके दुखणे की कुत्रा उचलू देत नाही, मग कावीळ आणि लघवी कमी होणे असा त्याचा वेग असतो. आपल्या कुत्रीचे चित्र त्याच्याशी फारसे जुळत नाही, तरी मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या करून तो बाजूला काढावा, कारण घरातल्या मुलांना थेट धोका असलेला यांतला आजार हाच आहे. एर्लिकिया कुत्र्याकडून माणसाला थेट लागत नाही. तरीही निदान होईपर्यंत तिची लघवी हातमोजे घालून धुवा आणि मुलांना तिथे जाऊ देऊ नका.

संसर्गाखेरीज एक गोष्ट अवश्य विचारात घ्या. परिसरात उंदरांचे विष टाकलेले होते का? त्याने रक्त गोठणेच बंद होते. अशा वेळी बारीक ठिपक्यांपेक्षा मोठे रक्ताळलेले फुगवटे किंवा छातीत रक्त साचून धाप लागणे अधिक दिसते, आणि उपाय वेगळा आहे, तो म्हणजे जीवनसत्त्व के-१.

तपासण्यांत संपूर्ण रक्तगणना आणि त्याबरोबर काचपट्टीवर रक्त पसरवून प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे या दोन्हींचा आग्रह धरा. यंत्र कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या मोजत नाही आणि आकडा खोटा कमी दाखवतो. कानाच्या टोकाच्या बारीक रक्तवाहिनीतून घेतलेल्या थेंबात बाबेसिया सापडण्याची शक्यता अधिक असते. प्रतिपिंडांची (शरीर जंतूविरुद्ध तयार करते त्या प्रथिनांची) झटपट चाचणी संसर्गाच्या सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत नकारात्मक येऊ शकते, आणि पीसीआर, म्हणजे रक्तातला जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, आधी घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनमुळे नकारात्मक येऊ शकते. म्हणून त्या ५ दिवसांच्या गोळ्या डॉक्टरांना न संकोचता सांगा. ही माहिती लपवली गेली की नकारात्मक अहवालावर विश्वास ठेवून आम्हीही चुकतो.

आपल्याकडे ग्रेहाऊंडसारखी दृष्टीवर शिकार करणारी जात नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असेल तर एक लक्षात ठेवा. या कुत्र्यांत निरोगी अवस्थेतही प्लेटलेट इतरांपेक्षा कमी आणि लाल पेशींचे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांच्या घरात असते. अहवालावरची सर्वसाधारण मर्यादा पाहून ४० टक्क्यांना "ठीक" म्हटले, तर त्या जातीतला रक्तक्षय नजरेतून सुटतो.

दोन्ही नरांना तपासणीशिवाय औषध सुरू करू नका. त्यांचे रक्त तपासा आणि आजपासून गोचिडींचा बंदोबस्त करा.

माळावरची

मूळ प्रश्नातल्या मेलेल्या जनावराच्या उल्लेखावर मला लिहायचे आहे, कारण या आजारांच्या यादीत ज्याच्यावर औषधच नाही असा एक आजार रानडुकरांच्या मागे जाणाऱ्या कुत्र्यांना होतो आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. त्याचे नाव औजेस्की रोग. हंगेरीतील पशुवैद्य औजेस्की यांनी १९०२ मध्ये तो वर्णिला. डुकरांमधला हा विषाणू मोठ्या डुकरात फारशी लक्षणे न दाखवता राहतो, पण कुत्र्याने कच्चे मांस किंवा आतडी खाल्ली, किंवा झटापटीत डुकराने चावा घेतला, तर तो मज्जातंतूंमार्गे मेंदूत पोहोचतो.

माझ्या कुत्र्याला तो झाला तेव्हा सकाळी सातच्या सुमाराला तो उजवा गाल जमिनीवर घासत होता. मला वाटले, काटा रुतला असेल. मी गाल चाचपला, काही सापडले नाही. दुपारपर्यंत त्याने पंजाने ओरबाडून गालाची कातडी सोलून काढली होती, तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबत होती आणि पाणी गिळता येत नव्हते. तरीही मी हाक मारली की तो शेपूट हलवत होता. तो एकदाही अंगावर आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. आठवडाभरापूर्वी शिकार सोलताना बाजूला टाकलेल्या आतड्यांत त्याने तोंड घातले होते आणि मी त्याला हटकले नव्हते. पुढे तपासणीत आजार निश्चित झाला. लक्षणे दिसल्यावर बहुतेक कुत्री दोन दिवसांच्या आत दगावतात. यावर उपाय एकच, रानडुकराचे कच्चे मांस, रक्त, आतडी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. गोठवून विषाणू मरेल याची खात्री नाही. नीट शिजवलेले चालते.

लाळ आणि गिळता न येणे ही लक्षणे रेबीजमध्येही असतात, आणि हे मी मुद्दाम मोठ्या आवाजात सांगते आहे. खालचा जबडा लोंबलेला, आवाज बदललेला कुत्रा दिसला की मालकाला वाटते घशात हाड अडकले आहे आणि तो कुत्र्याच्या तोंडात हात घालतो. असे कधीही करू नका. त्याला बंद जागेत एकटे ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. हात आधीच घातला असेल, लाळ लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. कुत्र्याने कोल्ह्याशी, लांडग्याशी किंवा अनोळखी कुत्र्याशी झटापट केली असेल, तर त्याची जुनी लस झालेली असली तरी पुन्हा मात्रा द्यावी लागते.

रानडुकरांपासूनच ब्रुसेला सुइस हा जिवाणूही येतो. ऑस्ट्रेलियात डुकरांच्या शिकारीतल्या कुत्र्यांत तो वारंवार आढळला आहे. नराचा वृषण सुजणे, पाठ दुखणे, कारण नसताना ढिलेपणा ही त्याची लक्षणे आहेत. तो माणसांनाही लागतो, म्हणून शिकार सोलताना हातमोजे हवेतच.

पशुवैद्यक

माळावरची, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. औजेस्की रोगात कुत्रा सहसा आक्रमक होत नाही हे आपले निरीक्षण अचूक आहे. तरीसुद्धा त्यावरून घरच्या घरी रेबीज नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. रेबीजचाही मुका, शांत प्रकार असतो.

पाचपावली

लहान पिल्ले किंवा नव्याने आणलेली कुत्री असणाऱ्यांसाठी थोडे जोडतो. मोसम सुरू होण्याआधी अनेकांची कुत्री एकत्र येतात, एकाच गाडीतून जातात आणि चार-पाच दिवसांनी एखादा कुत्रा घशात काही अडकल्यासारखा कोरडा, ठसकेबाज खोकू लागतो. पट्टा ओढला की खोकला वाढतो. खाणेपिणे आणि उत्साह नीट असेल तर बहुधा तो निवाऱ्यातला साधा संसर्गजन्य खोकला असतो, आणि दोन आठवडे विश्रांती व वेगळे ठेवणे पुरते. पण त्याबरोबर ताप असेल, डोळ्यांत घट्ट चिपडे येत असतील, नाक वाहत असेल आणि जुलाबही असतील, तर डिस्टेंपरची भीती धरावी. त्या विषाणूवर थेट औषध नाही. बरे वाटल्यानंतर काही आठवड्यांनीही झटके येऊ शकतात किंवा एखाद्या पायाचा स्नायू झोपेतसुद्धा एका लयीत उडत राहतो, पंजांच्या गाद्या कडक होतात. वाचलेल्या कुत्र्याचे नाक कामाला कितपत येईल, हे सांगता येत नाही.

पिल्लांना ओकाऱ्या आणि रक्ती जुलाब करणारा पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून रानातून आलेले आपले बूट पिल्लांच्या जागेत नेऊ नयेत. पिल्लाच्या लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून शेवटची मात्रा १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यावी, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे लस निष्प्रभ करू शकतात. लेप्टोस्पायरोसिसची लस पहिल्यांदा दोन मात्रांत, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि पुढे दरवर्षी घ्यावी लागते. ती मोसमाच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, निदान दोन महिने आधी सुरुवात करावी.

रानपाऊल

सर्वांचे मनापासून आभार. जुनीवाट, आपले वाचून लगेच दूरध्वनी केला आणि त्याच संध्याकाळी तिला दाखवले. प्लेटलेट ३१,००० निघाल्या, निरोगी कुत्रीत त्या दीड-दोन लाखांच्या वर असायला हव्यात. लाल पेशींचे प्रमाण २६ टक्के. मूत्रपिंडे व यकृत ठीक. एर्लिकियाची प्रतिपिंडे सापडली. ५ दिवसांच्या गोळ्यांबद्दल मी सांगितले तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतले. डॉक्सिसायक्लिन सुरू झाले, तिसऱ्या दिवशी ताप १०१.९ वर आला, ती पोटभर जेवली.

पण हिरड्या पांढुरक्याच राहिल्या. पशुवैद्यक, आपले वाक्य मनात होते म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा गेलो. काचपट्टीवर काही दिसले नाही, पण पीसीआरमध्ये बाबेसिया गिब्सोनी सापडला. डॉक्टरांनी विचारले, तिला कधी कुत्रा चावला होता का? दोन महिन्यांपूर्वी थोरल्या हाऊंडने खाण्यावरून तिचा डावा कान फाडला होता, ती जखम बरी झाली म्हणून मी विसरूनही गेलो होतो. त्या हाऊंडचे रक्त तपासले, तर त्याच्यातही तोच परजीवी निघाला, आणि तो मात्र बाहेरून ठणठणीत आहे. धाकटा स्वच्छ आहे. आता कुत्रीला आणि थोरल्याला अॅटोव्हाक्वोन व अॅझिथ्रोमायसिन सुरू आहे. हे किती दिवस जपावे आणि ती कामावर कधी जाऊ शकेल, ते सांगाल का?

पशुवैद्यक

आपल्या डॉक्टरांनी चाव्याचा प्रश्न विचारला हे उत्तम झाले. बाबेसिया गिब्सोनी गोचिडीशिवाय कुत्र्यांच्या चावाचावीतूनही थेट रक्तातून रक्तात जातो, आणि आईकडून पिल्लांतही उतरतो. त्यामुळे या दोघांपासून पिल्ले घेण्याचा विचार असेल, तर तूर्त तो बाजूला ठेवा, आणि त्यांचे रक्त कोणत्याही कुत्र्याला देऊ नका. तिघांना खायला वेगवेगळ्या जागी द्या.

अॅटोव्हाक्वोन स्निग्ध खाण्याबरोबर द्यावे, उपाशीपोटी ते फारसे शोषले जात नाही. एकही मात्रा चुकवू नका. अर्धवट उपचारातून औषधाला न जुमानणारे परजीवी उरतात आणि मग हाती फार कमी पर्याय राहतात. उपचार संपल्यावर ६० व्या आणि ९० व्या दिवशी पीसीआर करून दोन्ही वेळा नकारात्मक आले, तरच संसर्ग गेला असे म्हणता येते.

एर्लिकियासाठी २८ दिवस पूर्ण करा. प्लेटलेट आठवड्यानंतर आणि उपचार संपल्यावर मोजा, पुढे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा. प्रतिपिंडांची चाचणी मात्र पुन्हा पुन्हा करून घाबरू नका, ती बरे झाल्यावरही महिने ते वर्षे सकारात्मक राहू शकते. आपण कुत्रीवर उपचार करत आहोत, चाचणीच्या रेघेवर नाही.

कामाबद्दल घाई करू नका. लाल पेशी ३७-३८ टक्क्यांच्या वर आणि प्लेटलेट मर्यादेत येईपर्यंत पट्ट्याला धरून चालणे पुरे. त्यानंतर पहिले दोन आठवडे १५-२० मिनिटांपेक्षा जास्त मोकळी सोडू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कशी उठते ते पाहून पुढचे ठरवा.

आता निवाऱ्याकडे वळा. तपकिरी श्वान-गोचीड आपले सारे आयुष्य कुत्र्यांच्या निवाऱ्यात काढू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, फळ्यांच्या सांध्यांत हजारोंनी अंडी घालते. तिची पिल्ले आणि मोठ्या गोचिड्या कित्येक महिने न खाता वाट पाहतात. म्हणून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी काढणे हे अर्धेच काम झाले. एर्लिकिया चाव्यानंतर काही तासांतच उतरू शकतो, त्यामुळे रोज संध्याकाळी अंग चाचपणे आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही. आयसॉक्झाझोलिन गटातली गोचीड मारणारी गोळी किंवा गोचीड चिकटण्याआधीच दूर ठेवणारा पट्टा, यांतले काय वापरायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पूर्वी कधी झटके आलेल्या कुत्र्याला ती गोळी विचारपूर्वकच द्यावी लागते, आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजराच्या जवळपासही नको. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तिच्यावर तेल, रॉकेल किंवा जळती काडी लावल्याने ती दंशाच्या जागी आणखी लाळ ओकते.

रानपाऊल

आजचा १९ वा दिवस. आज सकाळी ताप १०१.४, झोपेतला श्वास मिनिटाला २२, वजन आजारपणात ३ किलोने उतरले होते त्यातले सव्वा किलो भरून निघाले आहे. प्लेटलेट १,४८,००० झाल्या आहेत, लाल पेशी ३३ टक्के. जुनीवाट, वही सुरू केली आहे, तिन्ही कुत्र्यांची वेगळी पाने आहेत.

काल निवाऱ्यातल्या फळ्या उचकटल्या. कुत्री जिथे पाठ टेकून झोपते त्या कोपऱ्यात, वीटभर उंचीवरच्या भेगेत, तांबूस-काळ्या अंड्यांचा एक पुंजका आणि सुतासारख्या पायांच्या बारीक गोचिडी मिळाल्या. वाफेच्या यंत्राने भेगा भाजून काढल्या, मग डॉक्टरांनी सांगितलेली फवारणी केली आणि सारे सांधे सिमेंटने बुजवले. अंडी उबण्याचा काळ लक्षात घेऊन फवारणी दोन आठवड्यांनी पुन्हा करायची आहे. तोवर तिघेही घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगवेगळ्या जागी झोपत आहेत.